उजेडात घट्ट, अंधारात पोकळ: कोड्यांच्या प्लॅटफॉर्मरमध्ये सावली आणि कोलिजन जुळत नाही

काजवा१६ (प्रश्न)

गोडॉट ४ (खेळ बनवायचं इंजिन) मध्ये छोटा टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा खेळ) चालू आहे. नियम साधा आहे. काही टाइल्स उजेड पडला की घट्ट होतात आणि अंधारात त्यांच्यातून आरपार जाता येतं. काही टाइल्स याच्या बरोबर उलट वागतात. खेळाडूकडे एक कंदील आहे, तो उचलता येतो आणि कुठेही खाली ठेवता येतो. ढकलायला लाकडी पेट्या आहेत, त्यांची सावली पडते. एवढ्याच सामानावर १२ लेव्हल्स उभ्या करायच्या आहेत.

आकडे: टाइल १६ पिक्सेल, खेळाडू १२ × २२, स्क्रीन ४८० × २७०, खेळाडूचा वेग सेकंदाला ९६ पिक्सेल. कंदील म्हणजे पॉइंटलाइट२डी, भिंती आणि पेट्यांवर सावली पाडणारे लाइटऑक्लूडर२डी, अंधारासाठी सगळ्या चित्राला रंगछटा देणारा कॅनव्हासमॉड्युलेट ठार काळा. टाइल उजेडात आहे की नाही हे कंदिलाला जोडलेला गोल एरिया२डी (आत काय आलं, काय गेलं ते कळवणारा भाग) सांगतो. टाइल आत आली की कोलिजन (घट्टपणा, टक्कर होणं) चालू, बाहेर गेली की बंद.

अडतंय ते असं:

१. पेटीच्या सावलीत पूर्ण बुडालेली टाइलसुद्धा घट्टच राहते. एरियाला सावली कळत नाही हे समजलं, पण मग विचारायचं कोणाला?
२. वर्तुळाच्या कडेवरच्या टाइल्स फडफडतात. त्यांच्यावर उभं राहिलं की कधी तरतो, कधी खाली.
३. टाइलच्या जागेत खेळाडू असताना उजेड पडला तर तो अडकतो, नाहीतर भलतीकडे फेकला जातो.
४. मधूनमधून 'फ्लशिंग क्वेरीज'वाला एरर येतो आणि ती टाइल बदलतच नाही.
५. चौथ्या लेव्हलनंतर सगळी कोडी 'कंदील उचला, पलीकडे न्या' याच वळणावर येतात.

---

तिरपा_किरण

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: डोळ्याला दिसणारा उजेड आणि नियमातला उजेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पॉइंटलाइट आणि ऑक्लूडर फक्त चित्र काढतात. ते सगळं ग्राफिक्स कार्डावर होतं, आणि 'या बिंदूवर उजेड आहे का' असं त्यांना विचारायची सोय नाही. स्क्रीनचा फोटो घेऊन पिक्सेल किती उजळ आहे ते बघायचा मोह होतो. तो टाळा. चित्र कार्डावरून परत मागवताना खेळ दरवेळी थबकतो, आणि वर ब्राइटनेसची सेटिंग बदलली की कोड्याचं उत्तर बदलतं.

नियमातला उजेड स्वतः मोजायचा. प्रत्येक टाइलवर ५ बिंदू घ्या: मधला एक आणि चार कोपऱ्यांपासून २ पिक्सेल आत सरकवलेले चार. कोपरे जसेच्या तसे घेऊ नका. शेजारच्या टाइलच्या कडेला किरण घासून जातो आणि उत्तर लहरी येतं.

प्रत्येक बिंदूसाठी:

    अंतर > त्रिज्या असेल → अंधार
    दिवा टॉर्चसारखा असेल आणि
      दिशांचा डॉट गुणाकार < कोस(अर्धा कोन) → अंधार
    दिव्यापासून बिंदूपर्यंत किरण, मास्क = फक्त 'सावली पाडणारे'
      मध्ये काही लागलं → अंधार
    नाहीतर → उजेड

६० अंशांच्या टॉर्चला अर्धा कोन ३०, म्हणजे ०.८६६ शी तुलना. किरणासाठी डायरेक्ट स्पेस स्टेटचं इंटरसेक्ट रे (हवा तेव्हा एक किरण टाकून बघणारं फंक्शन) वापरा, रेकास्ट नोड्सचा ढीग लावू नका.

लेयर्स (टक्कर तपासायचे वस्तूंचे गट) वेगळे हवेत: कायमच्या भिंती, पेट्या, उजेडाच्या टाइल्स आणि खेळाडू असे चार. किरणाच्या मास्कमध्ये (त्याने कोणते लेयर्स बघायचे त्या यादीत) फक्त भिंती आणि पेट्या. खेळाडूला सावली पडू देऊ नका. नाहीतर तो दिव्यासमोर उभा राहिला की स्वतःच भिंत विरघळवतो आणि निम्मी कोडी तिथेच संपतात.

एक बारीक खोच आहे. किरणाच्या क्वेरीत 'हिट फ्रॉम इनसाइड' मुळात बंद असतं. कंदिलाचा मध्य चुकून पेटीच्या आकारात गेला तर ती पेटी किरणाला लागतच नाही आणि उजेड आरपार जातो. ते चालू करा.

खर्चाची धास्ती नको. त्रिज्या ७ टाइल्सची धरली तर वर्तुळात साधारण १५४ टाइल्स मावतात. सगळ्याच उजेडाच्या असल्या तरी एका दिव्याला ७७० किरण. शिवाय दिवा किंवा पेटी हलली तरच मोजायचं. सगळं स्थिर असताना खर्च शून्य.

फडफडीसाठी: ५ पैकी ३ किंवा जास्त बिंदू उजेडात आले की टाइल चालू, १ किंवा कमी झाले की बंद, आणि २ असतील तर आधी जे होतं तेच. चालू व्हायची पायरी वर आणि बंद व्हायची खाली, त्यामुळे कडेवर धडधड होत नाही.

एरर ४ चं कारण सिग्नल (एरियाकडून येणारी आत-बाहेरची सूचना). एरियाचा सिग्नल येतो तेव्हा फिजिक्सचा हिशेब अर्ध्यात असतो, त्या क्षणी कोलिजन बदलू देत नाहीत. 'डिसेबल्ड' ही प्रॉपर्टी सेट डिफर्डने (बदल हिशेब संपेपर्यंत लांबवून) बदला. पण वरची मोजणी फिजिक्स प्रोसेसमध्ये आणली की एरियाच निघून जातो आणि एररही.

---

खोकेबहाद्दर

वरच्या उत्तरातल्या दोन पायऱ्यांच्या नियमाशी मी सहमत नाही. प्लॅटफॉर्मरमध्ये चालेल, कोड्यांच्या खेळात नाही. २ बिंदूंवर 'आधी जे होतं तेच' म्हटलं की पेटी आणि दिवा अगदी त्याच जागी असूनही टाइल एकदा घट्ट, एकदा पोकळ. तिथवर कोणत्या बाजूने आलात यावर उत्तर ठरतं. खेळणाऱ्याला दिसणारी मांडणी तीच आणि निकाल वेगळा. त्याला हा बग वाटेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

उंबरठा एकच ठेवा (३), पण बदलायला वेळ लावा. नवी स्थिती सलग ४ टिक (फिजिक्सचे फेरे) टिकली तरच टाइल बदलेल. फिजिक्स सेकंदाला ६० टिक असल्यामुळे हे ०.०७ सेकंद होतात. हाताला कळत नाही, फडफड मात्र जाते. सोबत पेटी थांबली की तिला ८ पिक्सेलच्या जाळीवर बसवा. अर्ध्या पिक्सेलवर रेंगाळणारी पेटी हे फडफडीचं मूळ आहे. पेट्या रिजिडबॉडी (फिजिक्स आपोआप हलवतं त्या वस्तू) असतील तर आत्ताच बदला. त्या कणभर तिरक्या होतात आणि त्यांची सावली लांबवर जाऊन कितीतरी जास्त हलते. कॅरेक्टरबॉडी२डी (आपल्याच कोडने हलणारी) घ्या, आडवं सरकवणं आणि खाली पडणं एवढंच त्यात लिहा.

आता अडकण्याबद्दल. तीन नियम शक्य आहेत: ढकलून बाहेर काढणे, चिरडून मारणे, किंवा टाइलने थांबणे. ढकलणं सगळ्यात वाईट, कारण कोणत्या बाजूला ढकलायचं याचं खात्रीचं उत्तर नसतं आणि खेळाडू भिंतीपलीकडे निघतो. मारणं प्रामाणिक आहे, पण मग प्रत्येक चूक म्हणजे लेव्हल पुन्हा. थांबणं घ्या. उजेड पडला तरी टाइलच्या जागेत खेळाडू किंवा पेटी असेल तर ती 'वाट पाहते आहे' अशा स्थितीत जाते, जागा मोकळी झाली की घट्ट होते.

तपासायला फिजिक्सची गरज नाही. टाइलचा चौकोन १ पिक्सेलने आत घ्या आणि खेळाडूच्या चौकोनाशी छेद बघा. तो १ पिक्सेल महत्त्वाचा आहे. नाहीतर टाइलवर नीट उभा असलेला खेळाडूही दशांशाच्या चुकीमुळे 'आत' मोजला जातो, उजेड येऊनही टाइल वाट बघत बसते आणि पाय खाली जातात.

या नियमाची किंमत अशी: भिंत दोन टाइल जाड असेल तर खेळाडू एकीत असताना शेजारची घट्ट होते आणि तो खिशात सापडतो. भिंती एकच टाइल जाड ठेवा, प्रश्न मिटला.

टिकमधला क्रमही ठरवून घ्या: आधी दिवे आणि पेट्या हलवा, मग उजेड मोजा, मग टाइल्स बदला, शेवटी खेळाडू. प्रत्येक टाइलने स्वतःच्या प्रोसेसमध्ये आपलं आपण मोजलं तर क्रम सीनमधल्या नोड्सच्या रांगेवर ठरतो, आणि दोन लेव्हल्समध्ये खेळ वेगळा वागतो. एकच 'उजेड-व्यवस्थापक' नोड करा आणि त्यानेच सगळ्यांना ओळीने हाका माराव्यात.

पायाखालची टाइल गेल्यावरही ६ टिक उडी मारायची सवलत द्या. साध्या प्लॅटफॉर्मरमध्ये ही मेहेरबानी असते. इथे ती हवीच, कारण जमीन खेळाडूच्या चुकीशिवायही नाहीशी होते.

---

काजवा१६

दोघांचेही आभार. किरण बसवले, १ ते ४ सुटले. वेळेचा नियम घेतला.

नवीन भानगड: उजेडाच्या टाइल्स घट्ट झाल्यावर त्यांचीही सावली पडावी असं वाटलं म्हणून त्यांना किरणाच्या मास्कमध्ये घेतलं. एका लेव्हलमध्ये दोन दिवे समोरासमोर आणि मध्ये दोन टाइल्स आहेत. त्या दोन्ही एका लयीत चालू-बंद होत राहतात, कायम. ४ टिकचा नियम लावल्यावर फक्त लय संथ झाली.

---

तिरपा_किरण

ही फडफड कडेची नाही. नियमच स्वतःची शेपटी गिळतोय.

डावीकडचा दिवा उजव्या टाइलवर उजेड पाडतो, पण वाटेत डावी टाइल आहे. उजवीकडचा दिवा डाव्या टाइलवर पाडतो, वाटेत उजवी. (जवळच्या टाइलला जवळच्याच दिव्याचा उजेड मिळत नसेल, म्हणजे मध्ये भिंत वगैरे असेल, तेव्हाच हे होतं. तुमच्या लेव्हलमध्ये तसंच असणार.) दोन्ही पोकळ असताना दोघींवर उजेड पोहोचतो, म्हणून दोन्ही घट्ट. घट्ट झाल्या की एकमेकींचा उजेड अडवतात, म्हणून दोन्ही पोकळ. पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दोघींना एकाच वेळी बदलता म्हणून हे चक्र थांबत नाही. एकीला आधी बदललं तर थांबेल, पण मग 'आधी कोणती' हे तुम्ही ठरवणार, आणि ते खेळणाऱ्याला दिसणार नाही.

अंधारात घट्ट होणाऱ्या टाइल्सचीही सावली ठेवलीत तर क्रम बदलूनही न थांबणारी चक्रं तयार करता येतात. सरळ सांगायचं तर उजेडाने बदलणारी कुठलीही वस्तू उजेड अडवणार नाही, हा नियम करा. त्या टाइल्स काचेसारख्या दाखवा: पातळ, कड उजळ, मधून पलीकडचं दिसतंय. म्हणजे उजेड आरपार का जातो हे सांगावं लागत नाही. त्यांचा ऑक्लूडरही काढून टाका, नाहीतर चित्र एक सांगेल आणि नियम दुसरं.

---

मधली_खुंटी

कोड्यांच्या बाजूने लिहितो, कारण पाचवा प्रश्न कोणी घेतला नाही आणि खरा तोच आहे.

कंदील कुठेही ठेवता येतो, हे तुमच्या लेव्हल्स एकसारख्या होण्याचं कारण आहे. कुठेही ठेवता आला की प्रत्येक कोड्याला शेकडो पळवाटा असतात. त्या बुजवायला तुम्ही भिंती वाढवता, आणि शेवटी उरतं ते फक्त 'पलीकडे न्या'. कंदील फक्त खुंटीवर टांगता येईल असं करा, एका लेव्हलमध्ये २ किंवा ३ खुंट्या. मग सगळ्या स्थिती कागदावर मावतात: कंदील कुठे (खुंटी १, खुंटी २, हातात), पेटी कुठे, खेळाडू कोणत्या भागात. प्रत्येक स्थितीचा एक गोल, शक्य त्या प्रत्येक हालचालीचा एक बाण. ज्या गोलातून दारापर्यंत बाणच जात नाही तो अडकण्याचा सापळा. ज्या बाणाचा तुम्ही विचार केला नव्हता ती पळवाट. हे लेव्हल एडिटर उघडायच्या आधी करा.

एक पूर्ण कोडं मोजून देतो. कंदिलाची त्रिज्या ११२ पिक्सेल करा, म्हणजे ७ टाइल्स. उडीची उंची ४० पिक्सेल आणि माथ्यापर्यंत ०.४ सेकंद धरा. गुरुत्व = २ × ४० ÷ ०.१६ = ५००, सुरुवातीचा वेग = २ × ४० ÷ ०.४ = २००. हवेत एकूण ०.८ सेकंद, म्हणजे ९६ च्या वेगाने आडवी झेप ७६.८ पिक्सेल, पाच टाइल्सनाही थोडी कमी.

डावीकडे जमीन. दरीच्या काठापासून ८ टाइल्स मागे खुंटी १, तिच्यावर कंदील. मध्ये ६ टाइल्सची दरी, तिच्यावर उजेडात घट्ट होणारा पूल. खुंटी १ वरून पुलापर्यंत उजेड पोहोचत नाही (१२८ लांब, त्रिज्या ११२), आणि ९६ ची दरी झेपेत बसत नाही. म्हणजे कंदील हातात घेऊनच जायचं. पलीकडच्या काठापासून १ टाइलवर खुंटी २, जमिनीलगत, ज्योत जमिनीपासून ८ पिक्सेल वर. तिथून ८० पिक्सेलवर उजेडात घट्ट होणारी भिंत, ३ टाइल्स उंच. तिच्यामागे दार. खुंटी आणि भिंत यांच्यामध्ये एक पेटी, तिची जवळची बाजू ज्योतीपासून ४८ पिक्सेलवर.

कंदील टांगला की पेटीची सावली भिंतीवर पडते. पेटी १६ उंच, ज्योत ८ वर, त्यामुळे सावलीची कड ४८ पिक्सेलात ८ चढते. भिंतीच्या तोंडाशी उंची ८ + ८०/६, म्हणजे साधारण २१. खालची टाइल पूर्ण सावलीत, ती नाहीशी होते. दुसऱ्या टाइलचे खालचे दोन बिंदू (उंची १८) सावलीत आहेत, मधला (२४) आणि वरचे दोन (३०) उजेडात. ३ बिंदू, म्हणजे घट्ट. राहतं १६ पिक्सेलचं भोक आणि खेळाडू २२ चा.

इथे माणूस पेटी भिंतीकडे ढकलायला जातो, कारण भिंत झाकायची तर झाकण भिंतीजवळ हवं असं वाटतं. सावली उलट वागते: अडथळा दिव्याच्या जितका जवळ, तितकी ती मोठी. पेटीवरून उडी मारून भिंत आणि पेटी यांच्यामधल्या १६ पिक्सेलच्या फटीत उतरायचं (खेळाडू १२ रुंद, मावतो) आणि पेटी एक टाइल दिव्याकडे ढकलायची. आता जवळची बाजू ३२ वर, कड दर ३२ ला ८ चढते, भिंतीच्या तोंडाशी उंची २८. दुसऱ्या टाइलचा फक्त भिंतीच्या तोंडाकडचा वरचा बिंदू उजेडात उरतो, कारण तिथे सावली २८.५ पर्यंतच पोहोचते. १ बिंदू, टाइल जाते. ३२ पिक्सेलची वाट मोकळी. तिसरी टाइल चौकटीसारखी डोक्यावर राहते, ती दिसायला छान दिसते.

हे कोडं शब्दाशिवाय कळतं, कारण पेटी सरकताना सावलीची कड भिंतीवर चढताना दिसते. मजकुराची पाटी लावू नका.

---

खोकेबहाद्दर

गणित बरोबर, पण वरच्या कोड्यात पळवाट आहे. भिंत ३ टाइल्स म्हणजे ४८ पिक्सेल. जमिनीवरून उडी ४०, ठीक. पेटीवर चढून उडी मारली तर १६ + ४० = ५६. भिंतीवरून सरळ पलीकडे, सावली गेली उडत.

भिंत ४ टाइल्सची करा: ६४, तिथे ५६ पोहोचत नाही. चौथ्या टाइलचा ज्योतीपासून सर्वात लांबचा बिंदू साधारण १०८ वर येतो, त्रिज्या ११२, त्यामुळे ती पूर्ण उजेडात राहते. पाचवी लावायची झाली तर तिचे बिंदू त्रिज्येबाहेर जाऊ लागतात, तिथे कायमचा दगड लावा. उजेडाने टिकणाऱ्या भिंतीची उंची दिव्याच्या त्रिज्येवर तपासणं हे काम विसरलं जातं. खाली सगळं नीट आणि वरची टाइल गुपचूप पोकळ, असं होतं.

अशा पळवाटा हाताने शोधत बसण्यापेक्षा डीबगची एक कळ ठेवा. दाबली की प्रत्येक टाइलवर उजेडातल्या बिंदूंची संख्या उमटली पाहिजे, ० ते ५. कोड्यातल्या महत्त्वाच्या टाइलवर अखेरच्या मांडणीत २ किंवा ३ दिसले तर पेटी किंवा खुंटी हलवा. वरच्या कोड्यात सुरुवातीला ३ आहेत, आणि मधला बिंदू कडेपासून जेमतेम १.३ पिक्सेल वर. ज्योत ७ वर घेतली तरी सावली खाली सरकत नाही, उलट कड जास्त तिरकी होऊन मधला बिंदू कडेपासून फक्त अर्धा पिक्सेल वर उरतो. पेटी जाळीवर बसत असेल तर ४८ च राहील आणि निभावेल. जाळी नसेल तर हे कोडं करू नका.

---

काजवा१६

ज्योत ७ वर करून पाहिली. ८ + १३.३ ऐवजी ७ + १५. पटलं.

आता चित्राकडे वळतो. ठार काळ्या अंधारात पोकळ टाइल्स दिसतच नाहीत, त्यामुळे उडी अंदाजाने मारावी लागते. अंधार उजळ केला तर मजा जाते. दुसरं असं की उजेडाचं वर्तुळ डोळ्याला जिथे संपतं त्याच्या बरंच पुढेही टाइल्स घट्ट असतात.

---

तिरपा_किरण

दुसरं आधी. दिव्याच्या टेक्स्चरमध्ये (उजेडाचा आकार ठरवणाऱ्या चित्रात) उजेड मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू शून्याकडे उतरतो. कडेची शेवटची पट्टी इतकी मंद असते की डोळा ती अंधारातच जमा करतो, पण नियमाच्या लेखी तिथे अजून उजेडच आहे. ग्रेडियंटटेक्स्चर२डी घ्या, २५६ × २५६, फिल रेडियल, सुरुवात (०.५, ०.५), शेवट (१, ०.५). ग्रेडियंट ० पासून ०.९ पर्यंत जवळजवळ सपाट ठेवा आणि ०.९ ते १ मध्ये झपकन उतरवा. टेक्स्चर स्केल ०.८७५ केलं की व्यास २२४, त्रिज्या ११२, नियमाशी तंतोतंत. पिक्सेल आर्टमध्ये हा कडक काठ उठूनही दिसतो, शिवाय मंद उतारावर दिसणारे पट्टे टळतात. सावलीचा फिल्टर 'नन' ठेवा. मऊ कड सुंदर दिसते, पण सावली नेमकी कुठे संपते हेच तर या खेळात बघायचं आहे.

अंधार ठार काळा नको. कॅनव्हासमॉड्युलेट (०.१०, ०.११, ०.१८) च्या आसपास करून बघा, निळसर काळोख डोळ्याला रात्रच वाटतो. टाइल्सची बाह्यरेषा मात्र अंधारावर अवलंबून ठेवू नका. कॅनव्हासमॉड्युलेट फक्त स्वतःच्या कॅनव्हासवर चालतो. वेगळा कॅनव्हासलेयर घ्या, त्याचं 'फॉलो व्ह्यूपोर्ट' चालू करा आणि तिथे पोकळ टाइल्सच्या तुटक रेषा काढा. घट्ट झाली की रेषा अखंड, वाट पाहत असेल तर फक्त चार कोपरे. उजेडात घट्ट होणाऱ्या टाइलचे कोपरे गोल आणि अंधारातल्या टाइलचे टोकदार, असा आकारातच फरक ठेवा. सगळा भार उजळ-काळसरवर टाकला तर उन्हात स्क्रीन बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

---

मधली_खुंटी

दोन गोष्टी राहिल्या.

फिरता दिवा ठेवणार असाल तर वेग अंशात ठरवू नका, कडेवर तपासा. ११२ च्या त्रिज्येवर सेकंदाला ६० अंश म्हणजे उजेडाची कड ११७ पिक्सेलने धावते आणि खेळाडू ९६ ने. तो झोताबरोबर चालूच शकत नाही, आणि का पडतो हे त्याला कळत नाही. ४५ अंशांवर कड ८८, तिथे जमतं. लुकलुकणारा दिवा ठेवलाच तर सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा लुकलुकू देऊ नका, काहींना वेगवान चमकांनी फिट येऊ शकते. या खेळात तर जवळपास सगळी स्क्रीनच चमकते.

दुसरं, परत मागे जायची कळ. पेटी कोपऱ्यात गेली की ती परत काढता येत नाही, हे प्रत्येक लेव्हलमध्ये होणार. कंदील टांगताना, उचलताना आणि पेटी थांबताना एवढंच साठवा: खेळाडूची जागा, कंदिलाची खुंटी, प्रत्येक पेटीची जागा. टाइल्सची स्थिती साठवायची गरज नाही, ती उजेडावरून पुन्हा मोजून निघते. दोन पायऱ्यांचा नियम नाकारल्याचा हा वरचा फायदा: तो ठेवला असता तर प्रत्येक टाइलचा इतिहासही साठवावा लागला असता. मागे गेल्यावर मात्र ४ टिक थांबू नका, टाइल्स त्याच टिकला बदला. नाहीतर पुलावर परत आलेला खेळाडू पूल उगवायच्या आत खाली सरकायला लागतो.

---

काजवा१६

हेच झालं असतं. मागे जाताना टिकमोजणी थेट ४ वर नेऊन मग खेळाडू हलवतो. भिंत ४ टाइल्सची केली, बिंदूंचे आकडे दाखवणारी कळ बसवली. आधीच्या चार लेव्हल्सपैकी दोनमध्ये दाराच्या टाइलवर २ निघाले, त्या पुन्हा मांडतोय.